बिस्किटांच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

मी त्या शाळेत रुजू झालो त्याच आठवड्यातली गोष्ट. स्टाफरूममध्ये हिंदीच्या मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या, "आज मला ग्राउंडवर नका हं पाठवू कुणी. जरा अडचण आहे."

कोपऱ्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "कसली अडचण? गाडी पंक्चर झाली?"

"अहो, ती नाही. ते आपलं... नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे? नळाला पाणी नाही?"

हिंदीच्या मॅडमनी चोरून माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे कान लाल झाले. मी घाईघाईने हजेरीपट उघडला आणि त्यात नाक खुपसलं. बाईंनी एक दाणा तोंडात टाकला. "पाळी आलीय म्हणा. दोन अक्षरांचा शब्द आहे. हा नवा माणूस काही घाबरत नाही. घाबरलात का हो, मराठी?"

मी चांगलाच घाबरलो होतो.

'मराठी' म्हणजे मी. बाई सगळ्या सहकाऱ्यांना विषयाच्या नावाने हाक मारायच्या. "भूगोल, चहा घेणार का?" "गणिताला म्हणावं, माझा डस्टर परत दे." स्वतःला मात्र त्या विज्ञान म्हणवून घेत नसत. मुलांसाठी आणि आमच्यासाठी त्या नुसत्या 'बाई' होत्या. शाळेत सोळा शिक्षिका होत्या, पण 'बाईंनी बोलावलंय' असं कुणी म्हटलं की कोणत्या बाई, असं कधी कुणी विचारलं नाही.

शाळा नाशिकच्या सातपूरला. आसपास कारखाने, आणि त्यांच्या मागे कामगारांच्या वस्त्या. चांदवडकडून, सुरगाण्याकडून, मालेगावकडून आलेली कुटुंबं. वर्गात एकाच बाकावर तीन तऱ्हेची मराठी बसायची. बाई मूळच्या इगतपुरीच्या. वडील रेल्वेत होते. इगतपुरीच्या पावसात वाढलेल्या माणसाला नाशिकचा पाऊस पाऊस वाटतच नाही. चार थेंब पडले की आम्ही छत्र्या उघडायचो आणि बाई आमच्याकडे कीव करून बघायच्या. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, बारा महिने. डोक्यावरचं हेल्मेट शाळेत आल्यावरही दहा-पंधरा मिनिटं तसंच. प्रार्थनेला हेल्मेट घालून उभ्या राहिलेल्या शिक्षिका मी आयुष्यात एकट्या त्याच बघितल्या. मुख्याध्यापकांनी एकदा खुणेनं सांगितलं, तेव्हा त्यांनी ते काढून छातीशी धरलं आणि प्रार्थना पूर्ण केली.

त्यांचं एकच म्हणणं होतं, शब्द पूर्ण बोला. शरीराच्या बाबतीत आपण सगळे जी 'ते', 'तसलं', 'हे आपलं' अशी सर्वनामं वापरतो, त्यांचा बाईंना मनापासून राग होता. मी व्याकरण शिकवायचो म्हणून तो राग हक्कानं माझ्यावर निघायचा. "तुमच्या सर्वनामांनी पोरी मारल्या, मराठी," असं त्या म्हणायच्या. मला ते अतिशयोक्त वाटायचं.

दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे. आमच्या शाळेत तो वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने शिकवला जायचा. "हा घरी वाचून घ्या, आकृती महत्त्वाची आहे." बाई आल्या तेव्हापासून तो धडा शिकवला जाऊ लागला, आणि तोही दहावीत पोचेपर्यंत थांबून नव्हे. शनिवारचा शेवटचा तास त्यांनी नववी-दहावीसाठी मागून घेतला. मुख्याध्यापक म्हणाले, "घ्या तुम्ही, पण मला काही सांगू नका." ही परवानगी बाईंना पुरेशी होती.

त्या तासासाठी निरोध आणायला त्या स्वतः मेडिकलमध्ये गेल्या, तेव्हा मी योगायोगाने तिथे खोकल्याचं औषध घेत होतो. दुकानदाराने पाकीट आधी वर्तमानपत्रात गुंडाळलं, मग काळ्या पिशवीत टाकलं, पिशवीला गाठ मारली आणि कुणी बघत नाही ना, हे पाहून पुढे सरकवलं. बाईंनी तिथेच काउंटरवर गाठ सोडली. कागद उलगडून, नीट घडी करून त्याला परत दिला. "हे ठेवा. मी चोरी केलेली नाही, तुम्हीही नाही." आणि पाकीट हातात धरून, भर रस्त्याने, भाजी न्यावी तशा त्या शाळेकडे निघाल्या. मी मुद्दाम दुसऱ्या गल्लीने आलो.

मुलामुलींचे वेगळे तास घ्या, असं सगळ्यांनी सुचवलं. त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं होतं, "जन्माला वेगवेगळ्या तुकड्यांत येतात का?" मात्र त्यांना वर्गात एक पुरुष हवा होता. त्यांनी मला धरलं.

"मला त्यातलं काही येत नाही, बाई."

"येण्याचा प्रश्नच नाही. तुम्ही मागे उभे राहायचं. मी शब्द उच्चारला की पोरं आधी मागे वळून तुमच्याकडे बघतील, हा माणूस हसतो का ते बघायला. तुम्ही फक्त हसू नका. एवढंच काम."

जगातलं सगळ्यात सोपं काम वाटतं. करून बघा. पहिल्या शनिवारी बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'गर्भनिरोधन' आणि खाली 'गर्भपात' लिहिलं आणि साठ माना माझ्याकडे वळल्या. मी खिडकीच्या गजाला घट्ट धरून गंभीर चेहऱ्याने उभा राहिलो. माना परत वळल्या. तिसऱ्या शनिवारपर्यंत वळणं बंद झालं होतं.

बाईंनी असा ध्यास का घेतला, यावर स्टाफरूममध्ये बऱ्याच कथा होत्या. त्यांची धाकटी बहीण लपवाछपवीत गेली, अशी एक. खुद्द त्यांच्याच बाबतीत तरुणपणी काहीतरी घडलं, अशी दुसरी. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून दुसरी जास्त चवीने सांगितली जायची. एकदा मी धीर करून विचारलं. त्यांना राग आला नाही. त्या खूप वेळ हसल्या.

"काही झालेलं नाही हो. माझ्या घरातल्या सगळ्या बायका सुखरूप आहेत. बहिणीला दोन नातवंडं आहेत. माझं लग्न, मला करायचं नव्हतं म्हणून नाही केलं." मग हसू आवरून म्हणाल्या, "गणिताला कुणी विचारतं का, तुमच्या घरात कोण भागाकारात मेलं म्हणून? काही झाल्यावरच बोलायचं, असा नियम आहे का?"

डबा ही त्यांचीच कल्पना. बिस्किटांचा पत्र्याचा मोठा चौकोनी डबा, झाकणाला चीर पाडलेली. तो ग्रंथालयाच्या दाराशी असायचा. ज्याला प्रश्न आहे त्याने टाकला, ज्याला नाही त्याने नाही टाकला, असं चाललं तर टाकणारा लगेच कळतो. म्हणून बाईंनी नियम केला, आठवड्यातून एकदा प्रत्येकाने एक चिठ्ठी टाकायचीच. सगळ्यांना एकाच वहीचे एकाच मापाचे कागद. प्रश्न नसेल तर कोरी टाका, पण घडी चारपदरीच. दर शनिवारी सकाळी त्या एकट्याच डबा उघडायच्या, प्रश्न स्वतःच्या अक्षरात उतरवायच्या आणि मूळ चिठ्ठ्या फाडून टाकायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून वर्गाला सांगितलं होतं, "हे सर तुमचे निबंध तपासतात. यांना तुमचं अक्षर ओळखता येतं. म्हणून हे या डब्याजवळ कधीही येणार नाहीत. हा माझा शब्द."

प्रश्न कसे असायचे? एकाच गिलासातलं पाणी प्यायल्याने दिवस राहतात का? गोळ्या खाल्ल्या तर पुढे मूल होत नाही हे खरं का? मुलगा म्हणून मला काही विचारायचा अधिकार आहे का? या शेवटच्या प्रश्नावर बाईंनी आख्खा तास घेतला होता.

एकदा दहावीतला एक मुलगा सरळ उभा राहिला. "बाई, गर्भपात हा गुन्हा आहे ना? आमच्या मंडळाच्या गणपतीला देखावा होता, आईच्या पोटातली मुलगी बोलते, मला मारू नका."

बाई म्हणाल्या, "बरं झालं विचारलंस. बरीच मोठी माणसंही इथेच गोंधळतात. पोटात मुलगी आहे का मुलगा, हे तपासणं गुन्हा. मुलगी आहे म्हणून पाडणं गुन्हा. तुमच्या देखाव्यात ते होतं, आणि ते बरोबरच होतं. पण एखाद्या बाईला त्या वेळी मूल नको आहे, किंवा तिच्या जिवाला धोका आहे, आणि तिने ठरलेल्या मुदतीत नोंदणी असलेल्या डॉक्टरकडे जाऊन गर्भपात करून घेतला, तर कायदा तिच्या बाजूने आहे. अठराच्या आतली असेल तर सोबत पालक लागतात. तिला गुन्हेगार म्हणायचं नाही. तिच्याबद्दल कुजबुजायचंही नाही. आता सांग, मी काय म्हणाले?"

मुलाने सांगितलं. अडखळत, पण शब्द पूर्ण उच्चारून सांगितलं. कुणी हसलं नाही. मला तेव्हा वाटलं होतं, हे सगळं आता सुरळीत चालेल.

तो शनिवार मला तारखेशिवायही नीट आठवतो. सकाळची शाळा होती. पहिला तास संपवून मी येत होतो, तर बाई जिन्याजवळ उभ्या. हेल्मेट नव्हतं, हातात शेंगा नव्हत्या. मूठ वळलेली. मला त्यांनी जिन्याखाली ओढलं आणि मूठ उघडली.

"मराठी, अक्षर ओळखता का?"

मी चिठ्ठीकडे बघितलंच नाही. "बाई, तुम्ही शब्द दिला होता."

"माहीत आहे. वाचा."

चिठ्ठीत चार ओळी होत्या. वहिनीने मेडिकलमधून आणलेल्या पाडायच्या गोळ्या घेतल्या. पाच दिवस झाले रक्त थांबत नाहि. घरी कुणाला माहित नाहि. ती मरेल का.

वर कोपऱ्यात लिहिणारीने सवयीने वार घातला होता. मंगळवार. म्हणजे आज त्या वहिनीचा नववा दिवस होता.

'नाहि'. वर्षभर मी लाल शाईने ती वेलांटी दीर्घ करत आलो होतो. शब्दाच्या डोक्यावरची रेघ अक्षरागणिक तोडायची सवयही मला ठाऊक होती. मी म्हणालो, "नववी ब. दुसऱ्या बाकावरची." तिचं नाव इथे बदलून कल्याणी म्हणतो.

बाईंनी डोळे मिटले. "तिला एकटीला बोलावू नका. चौघींना वह्या घेऊन बोलवा."

चौघी आल्या. तिघींना बाईंनी वह्या ठेवून परत पाठवलं आणि कल्याणीला कपाट आवरायला थांबवलं. दार लोटल्यावर बाई तिच्यासमोर खाली बसल्या, म्हणजे अक्षरशः फरशीवर.

"कल्याणी, मी शब्द मोडलाय. मला तू लिहिलेलं कळलंय. तुझी वहिनी कशी आहे?"

"मी नाही लिहिलं."

"बरं. नाही लिहिलंस. वहिनी कशी आहे?"

तिने कपाटातली एक वही उगाच सरळ केली. मग म्हणाली, "झोपूनच हे. बाळाला घेत नाय." आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी ते बघणं अजून विसरलेलो नाही. तिला कळलं होतं, कुणी सांगितलं ते.

बाईंनी मुख्याध्यापकांना काहीही सांगितलं नाही. त्यांनीच तशी अट घातली होती. आम्ही रिक्षाने कल्याणीच्या घरी गेलो. पत्र्याच्या दोन खोल्या, दाराशी कांद्याची पाटी घेऊन बसलेली तिची आई. चांदवडकडची, नाकात चमकी, हातावर गोंदण. शाळेतले दोघं आलेले बघून ती घाबरून उठली.

"पोरीनं काय केलं का?"

"पोरीने काही केलं नाही. सून कुठे आहे?"

"आत हे. पाळी लय चाललीय तिची. व्हतं असं. म्या काढा दिलाय."

आतल्या खोलीत वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. वय वीसच्या आसपास. शेजारी आठ महिन्यांचं बाळ दोरीच्या झोळीत. तिचा चेहरा कणकेसारखा झाला होता, ओठ आणि गाल एकाच रंगाचे. बाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, मनगट धरलं.

मी दारात उभा होतो. आता बाई तो शब्द उच्चारणार, असं मला वाटलं. सासू कमरेवर हात ठेवून मागे उभी होती, आणि सुनेची नजर सासूच्या पावलांवर खिळलेली होती. बाई फक्त म्हणाल्या, "रक्त फार गेलंय. दवाखान्यात न्यायचं, आत्ता. बाकीचं सगळं नंतर."

सरकारी दवाखान्यात मात्र त्यांनी तपासणाऱ्या डॉक्टरणीला बाजूला नेऊन सगळं स्पष्ट सांगितलं. गोळ्या कधी, किती, कुणाच्या सल्ल्याशिवाय. डॉक्टर म्हणाली, "हे सांगितलंत ते बरं झालं. नाहीतर आम्ही पाळीचंच समजून बसलो असतो." रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. आत अडकलेलं काढावं लागलं. नर्स म्हणाली, "पिशवी साफ केलीय." बाई पुटपुटल्या, "पिशवी घाण नव्हती." पण हे फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू.

नवरा कंपनीच्या गणवेशातच धावत आला. गोळ्या त्यानेच आणून दिल्या होत्या, ओळखीच्या मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय. बाळ अजून अंगावर पीत होतं, एवढ्यात दुसरं दोघांनाही नको होतं, आणि आई 'देवानं दिलंय' म्हणेल याची खात्री होती.

"एवढं रक्त जाताना दिसत नव्हतं तुला?" बाईंनी विचारलं.

"दिसत व्हतं. तीच म्हनली, नको. आईला कळंल." तो पंचवीस वर्षांचा गडी भिंतीला कपाळ टेकून रडला.

मरण टळलं. पण आईला कळलं, वडिलांना कळलं, आणि घरातलं बाहेर कुणी सांगितलं तेही कळलं. कल्याणी त्यानंतर दोन आठवडे शाळेत आली नाही.

मग पालकांची सभा लागली. कल्याणीचे वडील एका कंपनीत वॉचमन होते. त्यांनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार टाकली आणि दोन दिवसांत तिला चाळीस जणांनी अंगठे लावले. हॉल भरला. वडील उभे राहिले, डोक्यावरची टोपी नीट केली.

"आमी पोरी शिकाया धाडतो. शाळंत घान शब्द फळ्यावर लिहित्यात. डब्यात चिठ्ठ्या टाकायला लावत्यात. पोरींनी घरातलं बाहेर काढायचं, हे कोनतं शिकवनं?"

टाळ्या वाजल्या. आणखी दोघं-तिघं बोलले. मुलं बिघडतील, आमच्या वेळी असलं नव्हतं, मुली लहान आहेत. मी बाईंच्या शेजारी बसलो होतो. माझ्या मनात एकच वाक्य तयार होतं, या डब्यामुळे या माणसाची सून जिवंत आहे. एवढं म्हटलं असतं तर हॉल चिडीचूप झाला असता. मी उठू लागलो, तेवढ्यात माझ्या पायावर कॅनव्हासचा बूट पडला. चांगला जोरात.

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

बाई उभ्या राहिल्या. "एक चूक झाली माझी. मी ती कबूल करते. तो डबा मी दर शनिवारी उघडत होते. रोज उघडायला पाहिजे होता."

आणि त्या खाली बसल्या. लोकांना काही कळेना. ही माफी का उद्धटपणा, यावर मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. त्या हॉलमध्ये एकाच माणसाला ते वाक्य पूर्ण कळलं होतं. त्याने टोपी काढली, हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिला. ठराव झाला. डबा बंद. शनिवारचा तास बंद. धडा पुस्तकात आहे तेवढाच शिकवायचा.

पायऱ्यांवर मी बाईंना गाठलं. मला त्यांचाच राग आला होता. "एक वाक्य सांगायचं होतं तुम्ही. सगळे गप्प बसले असते."

"बसले असते. आणि त्या पोरीने उद्या नळावर पाणी कसं भरलं असतं?"

"लपवू नका, लपवू नका, म्हणून तुम्हीच तर आमचं डोकं खाता!"

"लपवायला लावणं वेगळं, आणि आपलं आपल्यापाशी ठेवणं वेगळं. तिचा शब्द आहे तो. तिने बोलायचा, तिला वाटेल तेव्हा. मी बोलले असते तर माझ्यात आणि त्या कुजबुजणाऱ्यांत काय फरक?" हेल्मेटचा पट्टा लावत त्या म्हणाल्या, "तुम्ही इतके का चिडलाय, ते बघा जरा घरी जाऊन."

मी घरी गेलो आणि खरंच बघितलं. आमची मुलगी तीन वर्षांची असताना माझ्या बायकोला पुन्हा दिवस गेले होते. माझी नोकरी तेव्हा कायम नव्हती. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. ती तिच्या मावसबहिणीबरोबर दवाखान्यात गेली आणि मी बाहेर स्कूटरवर बसून राहिलो. आईला सांगितलं, अशक्तपणा होता, सलाईन लावलं. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही नवराबायको त्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. वर्गात मागे उभं राहून न हसण्याचं काम मी इतकं चोख केलं होतं, पण घरात माझी सर्वनामंसुद्धा संपलेली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी ती कोथिंबीर निवडत बसली होती. मी समोर बसलो, दोन काड्या उचलल्या आणि म्हणालो, "तुझा गर्भपात झाला, तेव्हा खूप दुखलं होतं का?"

तिचे हात थांबले. "आज काय काढलंत हे?"

"विचारायचं राहून गेलं होतं."

"मला वाटलं, तुम्ही विसरलात." तिने पुन्हा काड्या तोडायला सुरुवात केली. जुडी संपली तेव्हा म्हणाली, "दुखण्याचं काही नाही हो. बाहेर आले तर तुम्ही म्हणालात, चल, पाऊस येईल. तेवढंच लक्षात राहिलंय."

मला ते वाक्य बोलल्याचं आठवतही नव्हतं. त्या दुपारी ती बोलत राहिली. तिला पश्चात्ताप नव्हता, निर्णय बरोबर होता असंच ती म्हणाली. तिला फक्त ते कुणाजवळ तरी बोलायचं होतं, आणि बोलण्यासारखं माणूस रोज शेजारीच जेवत होतं.

बाईंनी ठराव तंतोतंत पाळला. पुस्तकात आहे तेवढाच धडा, पण त्यातल्या दोन पानांवर त्यांनी पाच आठवडे काढले. त्याआधी त्या नववी ब च्या वर्गात गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी तुम्हाला एक शब्द दिला होता, तो मोडला. कारण सांगणार नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मोडेन. माझ्यावर किती विश्वास ठेवायचा, ते आता तुम्ही ठरवा." कल्याणी दुसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती. ती शाळेत परतली होती, पण आमच्या दोघांशी कामापुरतंच बोलायची. दहावीच्या निरोपाच्या दिवशी ती सगळ्यांच्या पाया पडली आणि आम्हाला ओलांडून गेली. मला लागलं. बाई म्हणाल्या, "तिचा हक्क आहे."

त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. परीक्षा चालू होत्या. मी वरच्या मजल्यावर पर्यवेक्षणाला होतो आणि खिडकीतून फाटक दिसत होतं. फाटकाशी कल्याणीची आई आणि वहिनी उभ्या होत्या. वहिनीच्या कडेवर बाळ, आता चांगलं गुटगुटीत झालेलं. शिपाई आत निरोप द्यायला आला आणि बाई बाहेर गेल्या. खिडकी फाटकाच्या अगदी वर होती, सुरुवातीचं बोलणं मला ऐकू आलं.

"बाई, हिला तांबी बसवायची हे," सासू म्हणाली. "कुठं जायाचं, कोनाला भेटायचं?"

बाईंनी सुनेकडे बघितलं. "तुला बसवायची आहे का?"

"हो," सून म्हणाली. "म्याच म्हनलं आत्याबाईंना. दुखतं का हो?"

बाईंनी तिला सगळं सांगितलं. कुठल्या दवाखान्यात, कोणत्या वारी, थोडं दुखतं, नको वाटली तर काढता येते. सून लक्ष देऊन ऐकत होती. मग बाळ रडायला लागलं, म्हणून ती त्याला घेऊन समोरच्या झाडाच्या सावलीला गेली.

सासू गेली नाही. ती फाटकाचा गज धरून उभी राहिली, पदर तोंडाशी. मग ती काहीतरी म्हणाली, इतकं हळू की मला ऐकू आलं नाही. बाईंनी मान पुढे केली. सासू पुन्हा बोलली, आणि तिथेच फाटकाच्या कडेला, तापलेल्या फरशीवर, पाय दुमडून खाली बसली. बाई तिच्या शेजारी बसल्या. म्हातारी बोलत होती. मधेच बोटांवर काहीतरी मोजत होती, मधेच गोंदलेल्या हाताने डोळे पुसत होती. बाईंनी एकदाही तिला अडवलं नाही, एकही शब्द दुरुस्त केला नाही. पेपर संपल्याची घंटा झाली, मुलं लोंढ्याने बाहेर पडली आणि त्या दोघींना वळसा घालून गेली.

बऱ्याच वेळाने सासू उठली, लुगडं झटकलं आणि सुनेला हाक मारून तिच्याकडून बाळ घेतलं. तिघं बसस्टॉपच्या दिशेने गेली.

मी खाली येऊन विचारलं, "काय म्हणत होत्या त्या?"

बाई कॅनव्हासच्या बुटांवरची धूळ झटकत होत्या. "त्यांच्या तरुणपणचं होतं," म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

पुढे बाई निवृत्त झाल्या, इगतपुरीला परत गेल्या. मी अजून अधूनमधून फोन करतो, आम्ही तासतासभर बोलतो, आणि जगातला कुठलाही शब्द आम्हाला वर्ज्य नसतो. पण त्या दुपारी त्या म्हातारीने काय सांगितलं, ते मी पुन्हा विचारलेलं नाही.